एक जूनची माणसं

जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये चढवायचं काम ज्यांनी केलंय त्यांना हा अनुभव नक्की असणार. जन्मतारखेचा कॉलम चाळताना अचानक शे-दोनशे माणसं १ जानेवारी १९०० ला जन्मलेली सापडतात. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं, की कुणीतरी कधीतरी ती जागा रिकामी सोडली होती आणि सिस्टीमनं तिथे आपल्या मनानं काहीतरी टाकून दिलं. डीफॉल्ट व्हॅल्यू!

मंडळी, महाराष्ट्राचीही अशी एक डीफॉल्ट व्हॅल्यू आहे. १ जून. आपल्या आई-वडिलांच्या, काका-मामांच्या पिढीत १ जूनचं एकही माणूस नाही असं घर दाखवा, चहा माझ्याकडून. त्या दिवशी फेसबुक उघडलं की निम्मी सकाळ शुभेच्छा देण्यातच जाते. या तारखेवर विनोद भरपूर होऊन गेलेत, त्यात मी आणखी भर घालत नाही. मला लिहायचंय ते ही तारीख ज्यांनी गावोगाव वाटली त्या मास्तर लोकांबद्दल. उन्हाळ्याची सुट्टी संपवून दर जूनमध्ये ते शाळेत परत जायचे तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असायचं, आणि याच तारखेनं पुढे त्यांचं काय केलं, याबद्दल.

आधी हे जून प्रकरण कुठून आलं ते बघू. पंतोजींच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असा काही प्रकार नव्हता. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या तरी पडवीत शाळा भरायची, सणावाराला आणि अमावास्येला बंद असायची, आणि पंतोजीला मोबदला बऱ्याचदा धान्यात मिळायचा. पोरगं कधीही यायचं आणि आकडेमोड, मोडी जमली की कधीही जायचं. १८५४ चा वूडचा खलिता आला, त्यापाठोपाठ १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि मग सगळं वर्षाच्या चौकटीत बसायला लागलं. इयत्ता, हजेरी, तपासणीला येणारे डिप्टी, वार्षिक परीक्षा आणि उन्हाची मोठी सुट्टी.

कागदावर हे ठीकच दिसतं. एप्रिल-मे मध्ये देशावर ऊन मी म्हणतं, पाणी नसतं, लग्नसराई असते. पण शाळा उघडते कधी? जूनमध्ये. आणि मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनच्या सुमाराला! म्हणजे शेतकऱ्याच्या घरात जेव्हा प्रत्येक हात लागतो, अगदी म्हशीमागे जायला सात वर्षांचं पोरगंसुद्धा लागतं, नेमकं तेव्हा मास्तर दारात उभा, पोराला शाळेत पाठवा म्हणून. ज्यानं कुणी हे कॅलेंडर बसवलं त्यानं युजरला विचारलं नव्हतं एवढं नक्की.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला जे निवेदन दिलं त्यात एक मुद्दा असा होता, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, गरज पडली तर नांगर धरायची लाज न वाटणारे असावेत, आणि त्यांना पगार बरा द्यावा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो फक्त सामाजिक न्यायाचा मुद्दा वाटला होता. तो आहेच. पण जूनच्या दृष्टीनं बघा. पेरणीच्या तोंडावर बापाकडे पोरगं मागायला जाणाऱ्या माणसाला पेरणी म्हणजे काय ते कळत असेल तर बोलणं तरी होतं. नसेल तर नुसता हुकूम.

आता जयसिंगपूर. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्यावरच्या शिरोळ रोड स्टेशनापाशी शाहू महाराजांनी एक नवी पेठ वसवली आणि तिला आपल्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव दिलं. आखून वसवलेलं गाव. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली... (ज्यानं आखलं तो आपल्यातलाच असणार. नावं कशाला, इंडेक्स पुरे!)

गाव वसलं ते १९१७ च्या आसपास, आणि याच १९१७ मध्ये महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ मध्ये चिखलीपासून अंमलबजावणी सुरू झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! या कायद्याबद्दल आपण शाळेत चार ओळी पाठ केल्या आणि विसरलो. पण मास्तरच्या बाजूनं विचार केला तर त्याच्या कामाचं स्वरूपच यानं बदललं. पोरं येतील त्यांना शिकवायचं, हे काम मागे पडलं. गावात किती पोरं आहेत, किती वर्षांची आहेत, त्यातली कोण येत नाहीत आणि का, ही यादी आता त्याची जबाबदारी झाली. आणि यादी म्हटली की वय आलं.

वय कुणाला ठाऊक होतं? गंमत म्हणजे खुद्द शाहू महाराजांची जन्मतारीख जुन्या पुस्तकांत २६ जुलै १८७४ अशी सापडते आणि आता आपण जयंती साजरी करतो २६ जूनला. राजाची ही कथा, तिथे शिरोळ तालुक्यातल्या शेतमजुराच्या पोरीचं काय विचारता. आईला आठवायचं ते असं: बेंदराच्या आदल्या दिवशी झाली. पूर आला होता त्या साली झाली. थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी. हे सगळं अगदी बरोबर असायचं हं, माणसाच्या आठवणीत घट्ट बसलेलं. फक्त रजिस्टरच्या रकान्यात बसायचं नाही.

मग मास्तर काय करणार? उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचा. हात कानाला पुरला की पोर सहा वर्षांचं झालं. आणि शाळेचं वर्ष जूनपासून धरलेलं असल्यामुळे १ जूनला सहा पूर्ण होतील असं साल मागे जाऊन काढायचं आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये लिहून टाकायचं. पुढे पडताळायला कुणी आलं तरी वय नियमात बसतं, कुठे अडकत नाही. शंभर टक्के व्हॅलिड डेटा. खरा नव्हे, पण व्हॅलिड.

यात मास्तरचाही एक स्वार्थ असायचा आणि तो समजून घ्यायला पाहिजे. पट. शाळेत किती पोरं, त्यावर किती शिक्षक. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या त्याच्या आधीपासून हे असंच आहे आणि आजही, नाव बदलून 'संच मान्यता' झालं तरी, असंच आहे. पट घसरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि कुठेतरी लांब फेकला जातो. त्यामुळे जूनमध्ये पाच वर्षांचं पोरगं थोरल्या बहिणीचा हात धरून वर्गात येऊन बसलं, तर त्याला सहाचं करण्याचा मोह होणारच. याच पटाचं टोक पुढे किती लांब गेलं ते २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखेला राज्यभर झालेल्या पटपडताळणीत दिसलं, कागदावर भरलेली आणि वर्गात नसलेली पोरं सापडली तेव्हा. तो वेगळा आणि वाईट विषय आहे. एका खऱ्या पोराला वर्षभर मोठं करणं आणि नसलेलं पोरगं कागदावर जन्माला घालणं यांत मी तरी फरक करतो.

माझी एक मावशी जयसिंगपुरात राहते. शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं तिनं. अकरावी मॅट्रिक, मग डी.एड., आणि १९७३ मध्ये नोकरी. तिची नोंदीतली जन्मतारीख १ जून १९५४. खरी: बेंदराच्या आदल्या दिवशी, १९५५. म्हणजे १९६० च्या जूनमध्ये ती बहिणीबरोबर शाळेत गेली तेव्हा पाचसुद्धा पूर्ण नव्हती. मी तिला एकदा तिच्या जूनबद्दल खोदून खोदून विचारलं. मला वाटलं होतं, सुट्टी संपली म्हणून जीवावर यायचं असं काहीतरी सांगेल, आपल्याला रविवारी संध्याकाळी सहा वाजता होतं तसं.

"जीवावर कशाचं येतंय? धास्ती असायची," ती म्हणाली.

कसली? तर पहिली, बदलीची. मे महिना म्हणजे बदल्यांचा महिना. कुणाची कुठे लागली, कुणी कुणाची चिठ्ठी आणली, हेच बोलणं. सुट्टीला गेलो त्याच शाळेत परत जाणार की नाही हे माहीत नसायचं. (२०१७ च्या फेब्रुवारीतल्या शासन निर्णयानंतर हे ऑनलाइन झालं. वीस शाळांचे पसंतीक्रम भरायचे आणि सॉफ्टवेअर ठरवणार. मावशीच्या वेळेला हे नव्हतं. अशा जुळणीचा प्रश्न गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्येच मांडून सोडवून ठेवलाय, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या त्याच वर्षी. मध्ये पंचावन्न वर्षं चिठ्ठीवर गेली.)

दुसरी धास्ती पटाची, ती वर सांगितलीच. आणि तिसरी मला सुचलीच नसती. कोण पोरं परत येणार नाहीत याची. "निकालाला एक मे ला सगळी दिसायची बघ. नवी परकर-पोलकी घालून यायच्या पोरी. जूनमध्ये हजेरी घ्यायला लागले की एखाद्या नावाला 'हजर' यायचंच नाही. मग मागची कोणतरी सांगायची, बाई, तिचं लगीन झालं." सातवीच्या वर्गात. हे तिनं अगदी सरळ आवाजात सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. मग म्हणाली, की पहिल्या दिवशी हजेरी तिला कधीच भराभर घेता आली नाही. नाव घ्यायचं, मान वर करून बघायचं, मग पुढचं.

मग चांगलं काहीच नव्हतं का? होतं की. महिनाभर बंद खोलीचा वास, कौलातून पडलेली माती, पाखरांची घाण, हे सगळं पोरांबरोबर झाडून काढायचं. केंद्रशाळेतून पुस्तकांचे गठ्ठे यायचे आणि सुतळी सोडताना पोरं अक्षरशः अंगावर पडायची. दोन महिन्यांत वीतभर वाढलेली पोरं. आणि पहिलीतली नवी, रडणारी. "घरात चार दिवस कोण नसलं की कसं वाटतंय? आणि मग माणसं आली की? तसं," एवढंच बोलून तिनं विषय संपवला.

आता त्या सुट्टीबद्दल थोडं, कारण आयटीतले मित्र हमखास टोमणा मारतात: मास्तरांना काय, दोन दोन महिने सुट्टी! मंडळी, १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत शिक्षक 'दीर्घ सुट्टी' असलेल्या विभागात येतात. ज्या वर्षी ही सुट्टी पूर्ण उपभोगली त्या वर्षाची अर्जित रजा त्यांना नाही. आपण ज्याला ईएल म्हणतो आणि साठवून पैसे करून घेतो, ती. सरकारनं सुट्टीत कामाला लावलं तर त्या प्रमाणात रजा मिळते. आणि लावतंच. २०१० च्या मे-जूनमध्ये जनगणनेची घरयादी होती, दारोदार फिरून घरं मोजली ती यांनीच. २०२४ मध्ये आमच्या हातकणंगले मतदारसंघाचं मतदान ७ मे ला होतं, भर सुट्टीत. टेबलामागे कोण बसलं होतं ते आठवून बघा.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच होता. १ जून ही तारीख पोराला शाळेत आणते हे आपण पाहिलं. त्यातलं एखादं पोर मोठं होऊन स्वतः शिक्षक झालं की तीच तारीख त्याला शाळेतून बाहेर कशी काढते ते बघा.

महाराष्ट्रात शिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८. नियम असा, की ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं. पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. हा ऑफ-बाय-वन बग नाही, नियमच तसा आहे. म्हणजे १ जूनवाले निवृत्त होतात ३१ मे ला. शाळा बंद असताना.

विचार करा. निकाल आणि झेंडा १ मे ला. मुलं घरी. त्यानंतर तीस दिवस कागदोपत्री नोकरी चालू, आणि ३१ मे ला कुलूप लावलेल्या शाळेच्या ऑफिसात किंवा पंचायत समितीत जाऊन चार्ज द्यायचा. शेवटचा तास असा काही नसतोच. कुठला तास शेवटचा होता हे नंतर मागे जाऊन हिशेब करून ठरवायचं. शाळा सुटताना घंटा होते तशी यांच्या नोकरीची कधी घंटाच होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीवर जातात आणि परत येतच नाहीत.

मावशी ३१ मे २०१२ ला निवृत्त झाली. एकोणचाळीस जून झाले होते तिचे. माझ्यातल्या इंजिनिअरनं लगेच हिशेब काढला: खरी तारीख धरली असती तर आणखी वर्षाहून जास्त पगार. शिवाय सहाव्या वेतन आयोगापासून सगळ्यांची वेतनवाढ १ जुलैला ठेवलेली. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचं वर्ष पूर्ण भरतं, तरी वाढ हुकायची. त्यांच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये आला. ३१ मे वाल्यांचे अकराच महिने भरतात, त्यांना तोही उपयोगाचा नाही. आणि तारीख बदलून घ्यायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो. तेवीस वर्षांच्या कुठल्या मुलीला अठ्ठावन्नाव्या वर्षाची काळजी असते?

मी हे सगळं मावशीसमोर मांडलं. ती म्हणाली, "लागले पण वर्षभर आधी की रं. तो पगार कुणी खाल्ला?" बरोबर आहे. माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता.

पण मग त्या वर्षीच्या १५ जूनच्या आसपास, शाळा उघडली त्या दिवशी काय केलंस, असं विचारलं तेव्हा मात्र ती लगेच बोलली नाही. सकाळी साडेनऊला आवरून बसले होते, म्हणाली. डबा पण केलेला. काकांनी काही विचारलं नाही, त्यांनी तो डबा उघडून दोघांच्या ताटात वाढला. (काकाही मास्तर. तारीख? विचारू नका. १ जूनच. त्यांचा ३१ मे दोन वर्षं आधी होऊन गेला होता.)

असं घरोघरी झालं असणार. एकेका तालुक्यात एकाच संध्याकाळी कितीतरी शिक्षक कमी होतात, आणि जूनमध्ये परतणाऱ्यांना पहिली दिसते ती रिकामी खुर्ची. वरिष्ठ गेलेले, त्यांची जागा भरलेली नाही, आणि दोन वर्ग एकत्र करून घ्यायचे. सुट्टीवरून परत येणाऱ्या शिक्षकाला काय वाटतं याचं निम्मं उत्तर त्या खुर्चीत आहे असं मला वाटतं.

सगळ्यात वाईट जून २०२० आणि २०२१ चे. १६ मार्च २०२० च्या सुमाराला शाळा बंद झाल्या, आणि गावांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते थेट १ डिसेंबर २०२१ ला. 'शाळा बंद पण शिक्षण चालू' म्हणत शिक्षक व्हॉट्सअॅपवर धडे पाठवत होते, नाक्यावर, सर्वेक्षणाला ड्यूटी करत होते. जे ३१ मे २०२१ ला निवृत्त झाले त्यांनी शेवटचं शिकवलं होतं चौदा महिन्यांपूर्वी. त्यांना १ मे चा निकालाचा दिवससुद्धा मिळाला नाही.

आणखी एक जात आहे शिक्षकांची, जिला ३१ मे ची भानगडच नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे. वर्ष संपलं की नेमणूक संपली. उन्हाळ्यात पगार नाही, आणि जून-जुलैमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, त्याच कॉलेजात, त्याच टेबलासमोर, त्याच विषयासाठी. आपण बेंचवर दोन महिने बसलो तर झोप उडते, आणि बेंचला पगार तरी असतो. यातली काही माणसं पंधरा-पंधरा वर्षं असं दर जूनला 'नव्यानं' रुजू होतात. मावशीला धास्ती होती ती कोणती शाळा याची. यांना शाळा आहे का याचीच.

१ जूनचा हा सगळा कारखाना आता बंद होत आलाय. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० ला. गावात नोंद खरोखर व्हायला आणखी बराच काळ गेला, पण हळूहळू दवाखान्यातली तारीख शाळेपर्यंत यायला लागली. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा. मास्तरच्या हातातून ती तारीख गेली. आता पोर्टलवर आधार नंबर टाकायचा, आणि नाव जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा टाकायचा. हात कानाला लावून बघायची गरज उरली नाही.

जे उरलेत ते सत्तरच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षं रजिस्टरात चढलेले. १ जून १९७३ वाले ३१ मे २०३१ ला जातील, त्यांच्यानंतरचे त्यांच्या मागोमाग. मग ३१ मे ला पंचायत समितीत गर्दी होणार नाही. शिक्षक ऑगस्टात, नोव्हेंबरात, जानेवारीत निवृत्त होतील, वर्ग भरलेला असताना, आणि पोरं दारात उभी राहून विचारतील, बाई, उद्या येणार न्हाई व्हय?